आईच्या पायातल्या मुंग्या

मागच्या दिवाळीच्या आसपासची गोष्ट. आई डोंबिवलीला माझ्याकडे आलेली, आम्ही दोघी बाजारात निघालो होतो आणि स्टेशनच्या पुलावर मागून एक मुलगी धावत आली, "आजी, तुमची चप्पल!" आईच्या डाव्या पायातली चप्पल दहा पावलं मागे पडली होती आणि हिला पत्ताच नाही, अनवाणी पायानं आपली चाललीये. मला आधी हसूच आलं. आईपण हसली, म्हणाली पट्टा सैल झालाय गं. घरी येऊन बघितलं तर पट्टा चांगला घट्ट होता.

मग रात्री हळूहळू बाहेर आलं सगळं. दीड वर्षापासून पायात मुंग्या येतायत, तळव्याला कापूस गुंडाळल्यासारखं वाटतं, अंधारात बाथरूमला जाताना भिंतीला हात लावून जावं लागतं. दीड वर्ष! आणि ही बाई कोणाला बोलली नाही असंही नाही हां, तिनं सगळ्यांना सांगितलं होतं, फक्त प्रत्येकानं आपापलं निदान करून टाकलं होतं. दादा म्हणाला शुगरमुळे. मावशी म्हणाली वात आहे, रात्री पायाला तेल चोळ. आई स्वतः म्हणायची वय झालं. आणि मी, सगळ्यात शहाणी, मी तिला अठराशे रुपयांची मऊ सोलची चप्पल घेऊन दिली होती. तीच ती, पुलावर पडलेली.

आमच्या इथल्या डॉक्टरांनी टाचणीनं, ट्यूनिंग फोर्कनं वगैरे तपासलं आणि बाकीच्या टेस्टबरोबर बी १२ लिहून दिली. रिपोर्ट आला १२८. लॅबच्या कागदावर खालची मर्यादा साधारण २०० असते. आईला सांगितलं तुला व्हिटॅमिन कमी आहे, तर ती अशी दुखावली की बस. "माझ्या हातचं खाऊन तुम्ही दोघं एवढी झालात, तुमच्यासारखं पिझ्झा-बर्गर खात नाही मी, रोज भाकरी, पालेभाजी, ताक, आणि मलाच कमी?"

तिचं बरोबर होतं की हो. माझ्या माहितीत आईइतकं नीट जेवणारं माणूस नाही. ज्वारीची भाकरी, मेथी, चाकवत, शेवग्याच्या शेंगा, कुळीथ, लिंबू, हिवाळ्यात आवळे. चौरस आहार म्हणतात तो हाच. आणि तिथेच सगळी गंमत आहे, म्हणून तर हे लिहायला बसले.

कारण बी १२ नावाची वस्तू भाकरीत नाही, मेथीत नाही, कुठल्याच झाडपाल्यात नाही. ते बनवतात फक्त जंतू. गायी-म्हशी चारा खातात, त्यांच्या पोटात जे जंतू असतात ते बी १२ तयार करतात, ते जनावराच्या मांसात, लिव्हरमध्ये आणि दुधात उतरतं, तिथून आपल्याला. तुम्ही म्हणाल मग आपल्या पोटात जंतू नाहीत का, तर आहेत ना, ढिगानं आहेत, आणि तेही बनवतात, पण मोठ्या आतड्यात, आणि आपण बी १२ शोषून घेतो त्याच्या आधी, लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला. म्हणजे पाइपलाइन गावाच्या वरून गेली आणि धरण खाली बांधलं असला प्रकार. ससे आपली लेंडी परत खाऊन हा प्रश्न सोडवतात. आपल्याला ते जमणारं नाही. (आणि ते स्पिरुलिना वगैरे विकणारे सांगतात ना की आमच्यात भरपूर बी १२ आहे, त्यातलं बरंचसं दिसायला बी १२ सारखं पण माणसाच्या उपयोगाचं नाही असं असतं. पैसे वाचवा.)

आता गरज किती, तर दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅम. मिठाचा एक कण घेऊन त्याचे तुकडे करत बसाल इतकं थोडं. पेलाभर दुधातून साधारण एक मायक्रोग्रॅम मिळतं. आई दूध पिते कुठे? चहात पडतं तेवढं, आणि ताक, जे ताक कमी आणि पाणी जास्त.

आणि पूर्वी का नाही झालं असं? कारण पूर्वी आमच्याकडे रविवारी मटण असायचं. आई माझी साताऱ्याकडची, पण वाढली लालबागला चाळीत, माझे आजोबा गिरणीत होते. सुके बोंबील, सोडे, अंडी, सगळं खाल्लेलं आहे तिनं. नऊ वर्षांपूर्वी बाबा गेले त्यानंतर तिनं तुळशीची माळ घातली आणि सगळं बंद. माळकरी झाली म्हणजे एकदम कडक, केकसुद्धा अंड्याचा नाही ना म्हणून तीनदा विचारते. तर बी १२ चं असं आहे की शरीर, मुख्यतः लिव्हर, त्याचा साठा करून ठेवतं, दोन ते पाच मिलिग्रॅमपर्यंत, आणि तो साठा वर्षानुवर्षं पुरतो. रेशनच्या पिंपासारखं. वरून भर पडणं बंद झालं तरी तळ दिसायला तीन-चार-पाच वर्षं जातात, त्यामुळे जेव्हा त्रास सुरू होतो तेव्हा कोणाला आठवतही नाही की आपण काय सोडलं होतं.

पण माळ एकटी गुन्हेगार नाही, हे मुद्दाम सांगते, नाहीतर लगेच कमेंटमध्ये लोक आईला अंडं खायला लावतील. आईच्या डब्यात अजून दोन गोळ्या होत्या. एक शुगरची मेटफॉर्मिन, अकरा वर्षांपासून. दुसरी सकाळी उपाशीपोटी घ्यायची ॲसिडिटीची, ती कोणीतरी कधीतरी पंधरा दिवसांसाठी दिली होती आणि ही पाच वर्षं घेतेय, कारण "पोटाला बरं वाटतं".

हे का महत्त्वाचं, तर अन्नातलं बी १२ प्रोटीनला चिकटलेलं असतं. ते सुटं व्हायला पोटातलं ॲसिड लागतं. ॲसिडच दाबून टाकलं तर ते सुटणार कसं. सुटं झाल्यावर त्याला हाताला धरून आतड्याच्या शेवटापर्यंत नेणारं एक प्रोटीन असतं, इन्ट्रिन्सिक फॅक्टर, ते जठर बनवतं. ते नसेल तर तुम्ही पातेलंभर कलेजी खा, रक्तात फारसं काही पोचत नाही. आणि पुढे आतड्याच्या दारातून आत घ्यायचं काम असतं त्यात मेटफॉर्मिन आडवं येतं. सगळ्यांना त्रास होतोच असं नाही, पण जास्त वर्षं, जास्त डोस असेल तर शक्यता वाढते, ब्रिटनच्या औषध नियामकांनी २०२२ साली डॉक्टरांना तशी सूचनाच काढली की मेटफॉर्मिनवाल्या पेशंटमध्ये लक्षणं दिसली तर बी १२ तपासा. आता गंमत बघा, शुगरनं पण पायात मुंग्या येतात आणि बी १२ कमी झालं तरी पायात मुंग्या येतात, आणि शुगरचीच गोळी बी १२ कमी करू शकते. दादाचं "शुगरमुळे" हे एका अर्थानं खरं निघालं म्हणायचं, पण त्याला तसं मी सांगितलेलं नाही अजून.

ह्या इन्ट्रिन्सिक फॅक्टरचा शोध कसा लागला ते वाचून मला दोन दिवस मटकीची उसळ गेली नाही. १९२० च्या दशकात पर्निशियस ॲनिमिया, म्हणजे पोटातून बी १२ शोषलंच जात नाही म्हणून होणारा ॲनिमिया, झाला की मरणच होतं. मग १९२६ ला मायनॉट आणि मर्फी ह्या अमेरिकन डॉक्टरांनी दाखवलं की रोज भरपूर लिव्हर खायला घातलं की पेशंट उठून बसतात. नोबेल मिळालं त्यांना, व्हिपल नावाच्या तिसऱ्याबरोबर, १९३४ साली. पण प्रश्न असा की इतर लोकांना इतकं लिव्हर लागत नाही, ह्यांनाच का लागतं? बॉस्टनमधल्या विल्यम कॅसल नावाच्या डॉक्टरला वाटलं ह्यांच्या पोटातच काहीतरी कमी असणार. त्यानं काय करावं, स्वतः खिमा खाल्ला, तासाभरानं उलटी करून काढला, आणि ते मिश्रण नळीनं पेशंटच्या पोटात सोडलं. पेशंट सुधारले. नुसता खिमा दिला तर सुधारत नव्हते. म्हणजे निरोगी पोटातलं काहीतरी त्यांना मिळत होतं. पेशंटला काय देतायत ते सांगितलं असेल का, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

बरं, आता ह्या सगळ्यात मला जी गोष्ट सगळ्यात जास्त लागली ती वेगळीच आहे. पुलावरच्या प्रसंगाच्या आठ महिने आधी आईचं हिमोग्लोबिन ९.८ निघालं होतं. तिथल्या डॉक्टरांनी रक्तवाढीची गोळी दिली, लोह आणि फॉलिक ॲसिडची. तीन महिन्यांत ११.९ झालं. आम्ही सगळे खूश. मीच व्हॉट्सॲपवर रिपोर्ट टाकून अंगठे घेतले. आणि मुंग्या मात्र वाढतच होत्या, त्याकडे कोणाचंच लक्ष नाही, कारण रक्त तर वाढलंय ना!

हे फॉलिक ॲसिड मुंबईत कसं सापडलं ते सांगते, आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत आहे. १९२८ साली ल्यूसी विल्स नावाची इंग्लिश डॉक्टर मुंबईत आली. गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब बायकांना गरोदरपणात भयंकर ॲनिमिया व्हायचा, तांबड्या पेशी संख्येनं कमी आणि आकारानं फुगलेल्या, कितीतरी जणी त्यात जायच्या. विल्स बाईंचं काम चालायचं परळला, हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये. त्यांनी ह्या बायका काय खातात ते बघितलं, तसंच निकृष्ट खाणं आधी उंदरांना आणि मग माकडांना घालून बघितलं. माकडं तशीच आजारी पडली. मग त्यांना मार्माइट दिलं, म्हणजे बीअरच्या यीस्टपासून केलेला तो काळा, खारट, चिकट लगदा, जो इंग्रज लोक पावाला लावून खातात. माकडं बरी झाली. मग गरोदर बायकांना दिलं, त्याही बऱ्या झाल्या. १९३१ ला त्यांनी ते छापलं. यीस्टमध्ये नेमकं काय आहे ते त्यांना तेव्हा माहीत नव्हतं, म्हणून त्या गोष्टीला नावच पडलं विल्स फॅक्टर. पुढे १९४१ ला अमेरिकेत चार टन पालक उकळून गाळून ती वस्तू वेगळी काढली गेली, पानावरून नाव ठेवलं फॉलिक, आणि १९४५ ला ती प्रयोगशाळेत बनवली ती आपल्या आंध्रातून गेलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव ह्यांच्या टीमनं.

माझी आजी लालबागची. परळचं ते हाफकिनचं गेट आम्ही लहानपणी बसमधून शंभरदा बघितलंय, आम्हाला ते फक्त सापाच्या इंजेक्शनसाठी माहीत होतं. आजीच्या आईच्या पिढीतल्या बायका त्या गिरण्यांत होत्या. त्या काळ्या लगद्यातून निघालेली गोळी नव्वद वर्षांनी माझ्या आईच्या हातात आली आणि तिचं रक्त खरंच वाढलं. त्यात गोळीची काही चूक नाही, गोळीनं तिचं काम चोख केलं.

अडचण अशी आहे की फॉलिक ॲसिड आणि बी १२ हे रक्ताच्या कामात जोडीदार आहेत. नवीन पेशी बनायला दोघं लागतात. बी १२ कमी असेल आणि फॉलिक ॲसिड भरपूर दिलं तर रक्ताचा कारभार बऱ्यापैकी सावरतो, रिपोर्ट सुधारतो. पण बी १२ ला अजून एक काम असतं जे फॉलिक ॲसिडला येत नाही. नसांवर वायरच्या प्लास्टिकसारखं जे आवरण असतं ते शाबूत ठेवणं. तिथे बदली कामगार चालत नाही. त्यामुळे वर रक्त छान दिसत राहतं आणि खाली वायर उघड्या पडत जातात. डॉक्टरांच्या पुस्तकात ही धोक्याची सूचना कित्येक दशकं आहे. आमच्या घरात ती कोणाला माहीत नव्हती. एका हिमोग्लोबिनच्या आकड्यावर आम्ही आईला पास करून टाकलं.

पुण्याच्या केईएममधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक ह्यांचं कामही ह्याच जोडीबद्दल आहे. पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास त्यांनी १९९३ पासून सुरू केला, त्यांची मुलं पुढे कशी वाढतात ते वर्षानुवर्षं बघितलं. निम्म्याहून जास्त आयांमध्ये बी १२ कमी होतं. आणि ज्या आयांमध्ये फोलेट (फॉलिक ॲसिडचंच व्हिटॅमिन) जास्त पण बी १२ कमी अशी जोडी होती, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सगळ्यात जास्त दिसलं, म्हणजे डायबेटीसकडे जाणारी वाट. ह्याचा अर्थ फॉलिक ॲसिड बंद करा असा अजिबात नाही, गरोदरपणात ते हवंच, बाळाच्या मणक्यासाठी. पण नुसतं एक बघून भागत नाही. शेतात राबणाऱ्या, घरचं दूध डेअरीला घालून आपण काळा चहा पिणाऱ्या बायका माझ्या डोळ्यासमोर आल्या हे वाचताना.

असो. आईकडे येते परत. इंजेक्शनं सुरू झाली, आधी एक दिवसाआड, मग आठवड्याला, आता महिन्याला. लालभडक रंग असतो त्याचा, कोबाल्टमुळे. पहिल्या दिवशी आईनं सिरिंज बघितली आणि हात मागे घेतला. "हे कशापासून काढलंय? मला माळ आहे." कंपाउंडर माझ्याकडे बघायला लागला. मलाही माहीत नव्हतं! तिथेच उभी राहून मोबाइलवर वाचलं. मोठमोठ्या टाक्यांमध्ये जंतू वाढवून बनवतात, जनावराचा संबंध नाही.

"जंतूंपासून आहे आई."

"म्हणजे दह्यासारखं?"

"हो, तसंच समज."

"मग टोच."

गोळीनंही भागतं बऱ्याच जणांचं, हे नंतर कळलं. हजार मायक्रोग्रॅमची गोळी का असते असं मला वाटायचं, गरज तर दोन-अडीचची. तर त्या इन्ट्रिन्सिक फॅक्टरच्या रस्त्यानं एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमच जातं, पण त्याशिवाय साधारण एक टक्का असंच झिरपतं, हजारातलं दहा. तेवढं पुरतं. आईचं दुखणं नसांपर्यंत गेलं होतं म्हणून डॉक्टरांनी तिला इंजेक्शनच दिलं. ॲसिडिटीची गोळी त्यांनी हळूहळू कमी करून बंद केली, मेटफॉर्मिन चालू आहे, तुम्ही पण आपल्या मनानं काही बंद करू नका.

आता ह्यावरून माझ्या घरात काय झालं तर व्हिटॅमिनची साथच आली. दादानं सगळ्यांच्या टेस्ट केल्या, पॅकेज होतं म्हणे. सगळ्यांचं डी कमी. निघणारच, आमच्या बाल्कन्या काचेनं बंद, आणि काचेतून ऊन दिसतं, गरम लागतं, पण त्वचेत डी तयार करणारे किरण काच अडवते. वहिनी तर सकाळी सातचं कोवळं ऊन घेते, छान वाटतं तेवढंच, त्या किरणांचा जोर दुपारच्या आसपास असतो. साठ हजार युनिटची कॅप्सूल आठवड्याला एक अशी दिली सगळ्यांना. तिथे मात्र मी ओरडून सांगितलं की आठवड्याला म्हणजे आठवड्याला. आमच्या ऑफिसातल्या एकाच्या वडिलांनी तीच कॅप्सूल रोज घेतली होती, कित्येक आठवडे. उलट्या, बद्धकोष्ठ, सारखी तहान, मग असंबद्ध बोलायला लागले, शेवटी ॲडमिट. रक्तात कॅल्शियम चढलेलं. बी आणि सी जास्त झालं तर बहुतेक लघवीवाटे निघून जातं, बिकोसूल घेतल्यावर पिवळीधमक होते ती त्यातल्या बी २ मुळे. ए आणि डी चरबीत विरघळणारी, ती अंगात साठून राहतात, लवकर निघत नाहीत.

आणि ते केसांसाठी बायोटिन. वहिनी घेते. मी काही बोलत नाही, फक्त रक्त तपासायला जाताना आधी डॉक्टरांना सांग म्हणते, कारण बायोटिनच्या मोठ्या डोसमुळे थायरॉइडचे वगैरे रिपोर्ट चुकीचे येऊ शकतात. केसांना फरक पडलाय का, तर ती म्हणते हो. मला दिसत नाही.

आईचं आता असं आहे की सहा महिन्यांत उजवा पाय जवळजवळ साफ झाला. डाव्या पायाची बोटं अजून बधिर आहेत, डॉक्टर म्हणाले इतके दिवस अंगावर काढलंय तर तेवढं राहूही शकतं. अंधारात भिंत धरत नाही आता. रोज एक पेला दूध पिते, तोंड वाकडं करून, औषधासारखं. अठराशेची चप्पल मला परत दिली आणि तिची जुनी रबरी स्लीपर घालते, म्हणते ह्यात जमीन कळते.

कालनिर्णयवर दर महिन्याच्या इंजेक्शनच्या तारखेला तिनं लाल पेनानं गोल केलाय. ह्या महिन्यात तो गोल नेमका एकादशीवर आला. सकाळी सातला फोन, उपासाला इंजेक्शन चालतं का विचार. मी म्हटलं मला काय माहीत, तू माळकरी, तुला माहीत असायला पाहिजे. तर तिनं परस्पर कंपाउंडरलाच विचारलं. तो म्हणाला, "आजी, साबुदाणा चालतो ना? मग हे तर दह्यासारखंय."

हे त्याला कोणी सांगितलं, तर तिनंच, पहिल्या दिवशी.